कोपरापर्यंत हात

मला नोकरीवर ठेवताना गनीचाचांनी एकच प्रश्न विचारला. शिक्षण, अनुभव, नवरा काय करतो, गावात राहाल की येणंजाणं कराल, हे सगळं कमिटीतल्या बाकीच्यांनी विचारून झालं होतं. तेवढा वेळ एक उंच, वाळका म्हातारा माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट खिडकीच्या उजेडात धरून उलटंसुलटं करून पाहत होता. मग त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "बाई, तुमच्यावर शक घेतला त राग येईन का?"

मी महागावकडची, जीभ तशीही ताब्यात नसते. म्हटलं, येईल, आणि चांगलाच येईल.

"मंग ठेवा यांले," म्हातारा बाकीच्यांना म्हणाला. "ज्याले राग येत नाही त्याच्यावर लक्ष ठेवा लागते."

हे आमच्या दवाखान्याचे खजिनदार. तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आज तो पुण्यात नोकरी करतो. म्हणजे किती वर्षं त्या माणसानं माझ्यावर संशय घेतला ते बघा. मीही त्यांच्यावर घेतला. फिटंफाट झाली असं म्हणायला हरकत नाही.

आमचं गाव कळंब आणि बाभुळगावच्या मध्ये कुठंतरी, फाट्यावर उतरून आत चालत यावं लागतं. दवाखाना सरकारी नाही. सरकारी दूर, खाजगी महाग, म्हणून गावानं मिळून ट्रस्ट केला आणि दोन खोल्या नि एक ओसरी बांधली. यवतमाळचे डॉक्टरसाहेब आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस मी. फी चहाच्या कपाएवढी. तेवढ्यात डॉक्टरांच्या गाडीचं पेट्रोलही सुटत नसे. औषधं, माझा पगार, विजेचं बिल हे सगळं चालायचं कापसावर.

वऱ्हाडात कापसाच्या पहिल्या वेच्याच्या, म्हणजे वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही करतात. दहीभात घेऊन जायचं, शेताला नैवेद्य दाखवायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. आमच्या गावानं ठरवून टाकलं होतं, की त्या दिवशी वेचलेल्या कापसातलं एक गाठोडं दवाखान्याचं. मोठा शेतकरी असो की मक्त्यानं दुसऱ्याचं शेत करणारा, सगळ्यांचं एकेक. मुसलमान घरांत सीतादही नसे, पण गाठोडं असे. दसऱ्यानंतर बाया डोक्यावर गाठोडी घेऊन यायला लागत, मागची खोली छतापर्यंत भरे आणि संक्रांतीच्या आत कापूस विकून वर्षाची उधारी फिटे. दुकानदार तोवर औषधं उधार देत, कारण खोली भरलेली त्यांना खिडकीतून दिसायची.

गनीचाचांचं आयुष्य जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या गेटवर गेलेलं. कापसाची गाडी आली की माल पाहायचा, ओला की सुका ते सांगायचं, त्यावर भाव ठरायचा. म्हातारपणी गावानं त्यांना दवाखान्याचे खजिनदार केलं, पण त्यांचा हात गेटवरच राहिला होता. गाठोडं आलं की ते सदऱ्याची बाही वर सारत, मधोमध कोपरापर्यंत हात घालत, आत बराच वेळ चाचपडत आणि तळातून एक चिमूट काढून ओठांना लावत. ओल बोटापेक्षा ओठाला आधी कळते म्हणे. वर पांढराशुभ्र माल आणि पोटात किडका, पिवळा कापूस निघाला, आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात, तर गाठोडं तसंच परत जायचं.

बायांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एक तर फुकट द्यायचं आणि वर ही झडती. कुणी तरी म्हणायचंच, की चाचा, देव पाहून राह्यला वरून, देवाच्या कामात कोनी खोटं करते का. त्यावर चाचांचं उत्तर ठरलेलं होतं: "खुदा पाहते, पन खुदा मिटिंगमध्ये बोलत नाही."

मीही एकदा त्यांना म्हटलं, की दान देणाऱ्याचा असा पाणउतारा बरा दिसत नाही. ते म्हणाले, "इकाच्या मालात मानूस लाजते, बाई. दानाच्या मालात लाजत नाही. म्हनून दानाचा माल जास्त पाहा लागते." मी तणतणत आत गेले आणि शहरातून दान म्हणून आलेल्या औषधांची खोकी उघडून बसले. तारीख उलटलेल्या गोळ्या वेगळ्या काढता काढता टोपली भरली. त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

त्यांचा संशय जातपात, लहानमोठं काही पाहत नसे. दर सोमवारी ते ब्लडप्रेशर मोजायला यायचे, आणि मी एका हातावर मोजलं की दुसरा हात पुढे करायचे. दोन्ही हात सारखं सांगतात का ते त्यांना पाहायचं असे. औषध कंपनीचा माणूस एकावर एक फुकट म्हणाला, की ते त्याला चहा पाजत आणि फुकट कोण कुणाला देतं यावर त्याचंच मत विचारत. हंगामात ते कुणाच्या घरी चहा घेत नसत, नुसतं पाणी घेत, आणि पिऊन झालं की भांडं उलटं करून बुडाखालचं नाव वाचत.

ती भांडं उलटं करायची खोड मला आधी चीड आणायची, पण तिचाच एकदा उपयोग झाला. दवाखान्याचे स्टीलचे पेले एकेक करून नाहीसे व्हायला लागले. संशय अर्थातच माझ्यावर, किल्ल्या माझ्याकडे ना. चाचा तोंडानं काही म्हणत नव्हते, पण येता-जाता फळीकडे पाहत होते आणि मी आतल्या आत धुमसत होते. मग सरपंचांच्या घरी लग्न निघालं. पंगतीत चाचांनी पाणी पिऊन पेला सवयीनं उलटा केला, तर बुडावर आमच्या दवाखान्याचं नाव कोरलेलं. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांनी तो पेला तसाच पालथा, नाव वर करून, पानापुढे ठेवला. शेजारच्यानं वाचलं, त्याच्या शेजारच्यानं वाचलं, आणि वाढपी दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत अख्खी पंगत आपापले पेले उलटे करून बघत होती. दुसऱ्या दिवशी सगळे पेले घासूनपुसून परत आले. वर दोन जास्तीचे. मी खूश झाले, तर चाचांनी ते दोन बाजूला काढले आणि निरोप धाडला, की हे कोणाचे आहेत ते आधी शोधा.

स्वतःलाही त्यांनी सोडलं नव्हतं, हे मात्र सांगायला हवं. कापसाच्या खोलीला दोन कुलपं होती. एकाची किल्ली चाचांकडे, दुसऱ्याची आमचे अध्यक्ष देवरावजी यांच्याकडे. देवरावजी गावातले बऱ्यापैकी शेतकरी, आणि चाचांचे जुने वैरी. तरुणपणी चाचांनी त्यांची कापसाची बैलगाडी जिनिंगच्या गेटवरून परत पाठवली होती, मालावर पाणी मारलंय म्हणून, आणि तेही चारचौघांत. देवरावजी म्हणत की ते दंव होतं. चाचा म्हणत की दंव पोटात शिरत नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत ते भांडण्यापुरतं. दुसरी किल्ली त्यांनाच द्यावी हे चाचांनीच कमिटीत सुचवलं होतं.

"माह्या दोस्ताले देऊ नका," ते म्हणाले होते. "तो माह्यावर भरोसा ठेवन."

हे सगळं ऐकून माणूस साधू वाटेल, तर तसं नाही. संशयाची किंमत आम्हीही मोजली आहे. निवडणुकीच्या तोंडावर एक पुढारी रुग्णवाहिका द्यायला आला. नवी कोरी गाडी, अट एवढीच की दवाखान्याच्या दारावर त्यांच्या वडिलांचं नाव लागावं. गाव हुरळून गेलं. चाचांनी विचारलं की डिझेल कोण टाकणार, ड्रायव्हरचा पगार कोण देणार, आणि निवडणूक हरले तर गाडी कोण नेणार. पुढाऱ्याची माणसं हसली, मग चिडली, मग निघून गेली. गाडी शेजारच्या गावाला मिळाली. आम्ही सगळे वाट पाहत बसलो, की आता ती बंद पडेल, तिच्यात कोंबड्या अंडी घालतील आणि चाचा खरे ठरतील. कसलं काय. गाडी पाच वर्षं व्यवस्थित धावली. पुढारी हरला तरी धावली.

त्या काळात कोलामांच्या पोडावरची, म्हणजे त्या आदिवासी वस्तीवरची एक पोर बाळंतपणाला अडली. शेजारची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, म्हणून आम्ही तिला मालवाहू ऑटोत घालून यवतमाळला निघालो. मूल वाटेतच झालं, माझ्या हातावर, खताच्या रिकाम्या पोत्यांवर. पोर वाचली, मूलही वाचलं, पण तिच्या अंगातून रक्त जात होतं आणि माझ्याजवळ दाबून धरायला फक्त लुगड्याचा बोळा होता. परत आल्यावर मी चाचांना ओसरीवर गाठून सुनावलं. तुमच्या संशयापायी एक बाई मेली असती, म्हटलं. ते सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "गाडी चालून राह्यली, हे खरं हाय. पन बाई, त्या मानसाचा भरोसा मले अजूनई नाही." मी कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. दर सोमवारी ते हात पुढे करत, मी मुकाट्यानं मोजत असे.

आता त्या हंगामाची गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला घेतलं.

कोरोना सरला आणि एका वर्षी कापसाचा भाव कधी नव्हे इतका चढला. ज्यांनी संक्रांतीआधी विकला ते कपाळाला हात लावून बसले, ज्यांनी ठेवला त्यांनी मोटरसायकली घेतल्या. आमचा कापूस चाचांनी नेहमीच्या वेळी विकलेला. त्यावर देवरावजी वर्षभर बोलत होते, थांबला असता म्हातारा तर दवाखान्यावर मजला चढला असता. साहजिकच पुढच्या हंगामात अख्ख्या जिल्ह्यानं कापूस घरात दाबून ठेवला. खाटेखाली कापूस, देवघरात कापूस, माणसं अंगणात. आणि या वेळी आमच्या खोलीचीही कुलपं संक्रांतीला उघडली नाहीत.

कुणी चाचांना विचारलं, तर ते म्हणत, भाव येऊन राह्यला. त्यांचा भाचा कुठल्याशा जिनिंगमध्ये होता, त्यानं म्हणे पक्की बातमी दिली होती. ज्या माणसानं माझं सर्टिफिकेट उजेडात धरून पाहिलं, त्यानं भाच्याच्या तोंडी बातमीवर खोलीभर कापूस ठेवावा, हे मला तेव्हाच खटकलं. मी डोळे उघडे ठेवले.

भाव काही आला नाही. उन्हं तापली तसा तो खालीच गेला. आणि मग खाज सुरू झाली. कापूस फार दिवस साठवला की त्यात बारीक किडे होतात, अंगाला लाल पुरळ येतं, माणूस खाजवून हैराण. घराघरांतून पेशंट यायला लागले. मी त्यांना ओसरीवर बसवून मलम द्यायची, आणि तासभर बसले की ते आणखी खाजवत उठायचे, कारण मागच्या भिंतीआड आमचा स्वतःचा कापूस होता. दवाखान्यात येऊन माणसं आजारी पडत होती. डॉक्टरसाहेब पेशंट तपासायला आले आणि स्वतःच कोपर खाजवत गाडीत बसले. खाजेचं मलम संपलं, नवं आणायला पैसे नाहीत, कारण पैसे खोलीत पडून खाज आणत होते. दुकानदारानं उधारी बंद केली. माझा पगार होळीपासून थांबला.

त्यातच बातमी फुटली. चाचांचा मुलगा सलीम मक्त्यानं शेती करायचा. त्याचा कापूस डिसेंबरातच विकला गेला होता, बऱ्या भावात. आणि विकणारे होते चाचा.

गावाला आणखी काय हवं होतं. स्वतःचा विकला आणि दवाखान्याचा ठेवला. का ठेवला? भाच्याशी काही ठरलं असेल. भाव पडल्यावर जिनिंगवाल्याला स्वस्तात घालायचा, वरचे पैसे वाटून घ्यायचे. मी हे सगळं ऐकत होते, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते शक्य वाटत होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांवर इतका संशय घेणारा माणूस चोरीच्या सगळ्या वाटा ओळखून असणारच.

सभा ओसरीवरच भरली. खाजेच्या भीतीनं निम्मे लोक रस्त्यावर उभे. देवरावजींनी फार प्रस्तावना केली नाही.

"गनी, एकच सांग. सलीमचा माल डिसेंबरात कसा गेला, अन् दवाखान्याचा काहून पडून राह्यला?"

चाचा उभे राहिले. मला वाटलं होतं ते भाच्यावर ढकलतील, नाहीतर भावावर. ते थांबून थांबून बोलले.

"तो घरचा माल होता. मले भेव वाटलं, इकून टाकला. हा दवाखान्याचा. मले वाटलं भाव चढला त सिस्टरबाईचा पगार वाढन, एक खाट येईन, गाडीसाठी कोनापुढं हात पसरा लागनार नाही. घरासाठी लालच आली असती त मी तिच्यावर शक घेतला असता, देवराव. ही लोकाच्या भल्याची लालच होती. हिच्यावर शक घ्याचा राहून गेला."

मग देवरावजी म्हणाले, "हे खरं कशावरून?"

"हेच त इचारा लागते," चाचा म्हणाले.

आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून बाकावर ठेवली.

मला पटलं का? अर्धं पटलं. गाडीचा उल्लेख झाला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तेवढं मला जाणवलं होतं. पण भाच्याचं काय, हा प्रश्न माझ्या मनात आजही तसाच आहे. कापूस मिळेल त्या भावाला गेला. निम्मी उधारी फिटली. माझा पगार पुढे तुकड्यातुकड्यानं येत राहिला आणि डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदाच यायला लागले.

नवे खजिनदार झाले मेडिकल दुकानाचे संजयभाऊ. तरुण, हसतमुख, स्वच्छ कपड्यातले. त्यांनी भिंतीवर मोबाइलनं पैसे पाठवायचा चौकोन चिकटवला, रंग दिला आणि जाहीर केलं, की आपल्याच लोकांच्या गाठोड्यात हात घालायची पद्धत बंद. आपला आपल्या माणसांवर विश्वास आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या हंगामात खोली कधी नव्हे इतकी लवकर भरली. पण विकायला नेलेल्या कापसाला गेटवरच्या माणसानं एकदा हात घातला आणि दुसऱ्यांदा घातलाच नाही. पाणी मारलेला, पाचोळा मिसळलेला, मधोमध कवडी. भाव मिळाला तो गादीत भरायच्या कापसाचा. संजयभाऊंना वाईट वाटलं, त्यांनी हात जोडून गावाला विनंती केली. पुढच्या हंगामात माल आणखी वाईट. यात गावच सगळं बेइमान होतं असंही नाही. माझ्यासमोर ओसरीवर बसून एक बाई दुसरीला सांगत होती, की तिच्या जावेनं कवडी दिली हे तिनं डोळ्यांनी पाहिलं, मग आपणच चांगला माल काहून द्यायचा. प्रत्येकाला दुसऱ्याच्या गाठोड्यात काय आहे ते माहीत होतं, किंवा तसं वाटत तरी होतं. पूर्वी सगळ्यांच्या वतीनं एकटे चाचा संशय घ्यायचे. आता प्रत्येकाला आपापला घ्यावा लागत होता.

दोन हंगाम असे गेले. डॉक्टरसाहेबांनी सांगून टाकलं, की या दिवाळीनंतर जमणार नाही. संजयभाऊ मला एकीकडे घेऊन म्हणाले, की बाई, या साली कापूस बरा आला नाही तर दवाखाना बंद करावा लागेल, तुम्ही कळंबला एखादी नोकरी बघून ठेवा. मी बघितलीही. रडू आलं ते निराळं. कळंबच्या चिंतामणीला जाऊन आले आणि काय मागावं ते सुचेना, म्हणून चांगला कापूस मागितला.

चाचा या सगळ्या काळात दर सोमवारी येतच होते. फी देत, पावती मागत, दोन्ही हात मोजून घेत आणि ओसरीवरच्या बाकावर घटकाभर बसून घरी जात. मागच्या खोलीकडे त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. लोक त्यांना टाळत नव्हते, पण त्यांच्या बाकावर बसतही नव्हते. मी एकदा न राहवून विचारलं, चाचा, तुमचं काय मत, दवाखाना टिकेल का? ते म्हणाले, "मले काय इचारता. माह्यावर त तुमचाबी शक हाय." राग नव्हता त्यात. मी नाही म्हटलं नाही.

ते गेल्याला आता वर्ष होऊन गेलं. उन्हाळ्यात, घरीच, झोपेत. सलीमनं बोलावलं म्हणून मी गेले, नाडी पाहिली, आणि का कोण जाणे, दुसऱ्या हाताचीही पाहिली. पण मला ते आठवतात ते तसे नाही. आठवतात ते त्याआधीच्या दसऱ्यानंतरच्या एका सोमवारी.

सीतादहीची गाठोडी यायला सुरुवात झाली होती. ओसरीपासून रस्त्यापर्यंत रांग. संजयभाऊ हसून सगळ्यांचं स्वागत करत होते आणि गाठोडी न उघडताच आत जात होती. चाचा बाकावर होते, नुकतंच मोजून झालेल्या हाताची बाही खाली करत. एवढ्यात देवरावजी आले. गडी सोबत असून गाठोडं स्वतःच्या डोक्यावर. ते रांगेत थांबले नाहीत, संजयभाऊंकडे गेले नाहीत. सरळ बाकापाशी आले, गाठोडं चाचांच्या पायाशी उतरवलं आणि गाठ सोडली.

"पाह्य," म्हणाले.

चाचा म्हणाले, की मी आता खजिनदार नाही. देवरावजींनी ते ऐकल्यासारखं दाखवलंच नाही. चाचांनी बाही वर सारली. हात पूर्वीसारखा राहिला नव्हता, कातडी लोंबत होती, पण गेला तो कोपरापर्यंत. बराच वेळ आत फिरला. चिमूट बाहेर आली, ओठांना लागली.

"वरचा माल चांगला हाय," चाचा म्हणाले. "मधात कवडी हाय."

"मालूम हाय मले," देवरावजी म्हणाले. "मीच भरली. तू तोंडावर सांगतं का गप बसतं, तेच पाहून राह्यलो होतो."

दोघंही हसले नाहीत. देवरावजींनी गाठ बांधली, गाठोडं उचललं आणि माल बदलून आणायला घराकडे निघाले. त्यांच्या मागोमाग रांगेतल्या तीन-चार बायांनी आपापली गाठोडी हळूच डोक्यावर घेतली आणि कुणाकडे न पाहता त्याही घरी वळल्या. संजयभाऊ माझ्याकडे पाहायला लागले. मी मलमाच्या डब्या पुसत राहिले.

देवरावजी परत आले तेव्हा घामानं भिजले होते. नवं गाठोडं त्यांनी त्याच जागी उतरवलं आणि म्हणाले, की आता सगळा निवडून आणलाय, पाहायची गरज नाही. चाचांनी मान डोलावली. मग बाही वर सारून पुन्हा कोपरापर्यंत हात घातला.